व्याख्येबाहेर राहिलेले पाणी

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा या नद्यांच्या संगमापाशी, नांदूर मध्यमेश्वर नावाचे गाव आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी, इंग्रजी अमदानीत, येथे गोदावरीवर एक बंधारा बांधण्यात आला. डाव्या व उजव्या कालव्यांत पाणी सोडावे आणि कोपरगावकडील अवर्षणाने गांजलेली जमीन भिजवावी, एवढाच त्याचा हेतू होता. कालव्यांनी आपले काम चोख बजावले. त्या टापूतील ऊस आणि साखर कारखाने ही त्याची साक्ष आहे. बंधाऱ्यामागच्या जलाशयाचे नशीब मात्र निराळे निघाले. दोन्ही नद्यांनी वाहून आणलेला गाळ तेथे साचत गेला, पाणी उथळ झाले, मध्ये मातीची बेटे वर आली आणि त्यांवर लव्हाळे व पाणकणीस माजले. साठवणीच्या हिशेबाने पाहिले तर हा जलाशय फसला, असेच कोणताही अभियंता म्हणेल.

या फसलेल्या जलाशयावर पक्ष्यांनी आपला हक्क सांगितला. हिवाळ्याच्या तोंडाशी उत्तरेकडून येणारी तलवार बदके, थापट्या आणि चक्रवाक, बारमाही वस्तीला असलेल्या जांभळ्या पाणकोंबड्या, कमळाच्या पानांवरून लांब बोटांनी चालत जाणारे कमळपक्षी अशा दोनशेहून अधिक जातींची नोंद येथे झाली आहे. थोर पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांनी या ठिकाणाला महाराष्ट्राचे भरतपूर म्हटले. १९८६ साली येथे अभयारण्य जाहीर झाले आणि जानेवारी २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ स्थळांच्या, म्हणजे रामसर स्थळांच्या, यादीत त्याचा समावेश झाला. हा मान मिळविणारे ते महाराष्ट्रातील पहिले स्थळ. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणार सरोवराला आणि २०२२ साली ठाण्याच्या खाडीला तो मिळाला. २०२५ साली देशातील रामसर स्थळांची संख्या नव्वदीच्या पुढे गेली. त्यांत महाराष्ट्राच्या वाट्याला ही तीन नावे.

नांदूर मध्यमेश्वरचा गौरव योग्यच आहे. परंतु त्या गौरवाआड एक विसंगती दडलेली आहे, आणि ती एका गावापुरती नाही. देशात आज लागू असलेल्या पाणथळविषयक नियमांतील व्याख्या अक्षरशः लावायची म्हटली, तर सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले पाणी हे पाणथळ ठरतच नाही. नांदूर मध्यमेश्वर वाचले ते अभयारण्य म्हणून आणि आंतरराष्ट्रीय यादीतील नाव म्हणून. ज्या पाण्याला अशी कवचकुंडले लाभलेली नाहीत, त्याचे काय, हा खरा प्रश्न आहे.

थोडा इतिहास पाहिला पाहिजे. २ फेब्रुवारी १९७१ रोजी कॅस्पियन समुद्राकाठच्या रामसर या इराणी गावी पाणथळ भूमीविषयीचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याची व्याख्या उदार आहे. पाणी नैसर्गिक असो की कृत्रिम, बारमाही असो की हंगामी, वाहते असो की साचलेले, गोडे असो की खारे, ती जागा पाणथळच, असे हा करार म्हणतो. सागरकिनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी सहा मीटरपर्यंत खोल असणारे पाणीही त्यात येते. भारत १९८२ साली या करारात सामील झाला. त्यानंतर देशांतर्गत नियम व्हायला मात्र २०१० साल उजाडावे लागले. २०१० च्या नियमांत तलाव, जलाशय आणि मानवनिर्मित पाणथळे यांचा स्पष्ट अंतर्भाव होता. सात वर्षांनी, २०१७ साली, नवे नियम आले आणि व्याख्येला कात्री लागली. नदीचे पात्र आणि भातखाचरे आधीपासूनच वगळलेली होती. आता पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले तलाव आणि मत्स्यसंवर्धन, मीठ, मनोरंजन व सिंचन यांसाठी खास केलेली बांधकामे, हे सारे एका वाक्यात बाहेर गेले. बाहेरच्या जगाला दिलेले वचन एक आणि घरातील नियम दुसरा, असा हा प्रकार आहे.

नैसर्गिक सरोवरांचे प्रदेश ज्यांच्या वाट्याला आले आहेत, त्या राज्यांना ही कात्री कदाचित फारशी जाणवणार नाही. महाराष्ट्राची गोष्ट वेगळी. दख्खनच्या काळ्या पाषाणात मोठी नैसर्गिक सरोवरे जवळपास नाहीतच. लोणार आहे, पण ते उल्कापाताने घडविलेले. म्हणजे आकाशातून एक प्रचंड दगड यावा लागला, तेव्हा कोठे या भूमीला एक नामांकित नैसर्गिक सरोवर मिळाले! बाकी जे काही आहे ते माणसाच्या हातचे: गावतळी, बोड्या, पाझर तलाव, मालगुजारी तलाव, धरणांचे जलाशय, किनाऱ्यावरची खारभूमी आणि मिठागरे. पैठणच्या नाथसागरावर, उजनीच्या फुगवट्यावर भिगवणजवळ जे रोहित आणि पट्टकादंब उतरतात, ते बांधलेल्या पाण्यावरच उतरतात. मानवनिर्मित पाणी वगळायचे म्हटले तर या राज्यातील पाणथळांची यादी जवळजवळ पुसूनच टाकावी लागेल.

मानवनिर्मित म्हणजे दुय्यम, हा समज मुळातच तपासून पाहण्याजोगा आहे. ज्या भरतपूरची उपमा नांदूर मध्यमेश्वरला देण्यात आली, ते भरतपूर तरी कोठे निसर्गाने आयते दिले होते? तेथे अठराव्या शतकात जाट राजांनी अजान बांध घातला. पुढे संस्थानिकांनी बदकांच्या शिकारीसाठी पाणी अडविले, पाट काढले, दारे बसविली. त्यातून झालेले केवलादेवचे पाणथळ १९८१ साली देशातील पहिल्या रामसर स्थळांत आले आणि १९८५ साली जागतिक वारसा ठरले. १९८२ च्या अखेरीस राष्ट्रीय उद्यानाच्या नियमावर बोट ठेवून तेथे गुरे चारण्यास बंदी घालण्यात आली. ग्रामस्थांनी विरोध केला, गोळीबार झाला आणि त्यात माणसे मेली. पुढे काय घडले? म्हशी थांबल्या आणि पाण्यातले गवत बेसुमार वाढले. उघडे पाणी आक्रसले, माशांची व बदकांची जागा गेली. मुंबईच्या निसर्गेतिहास संस्थेने केलेल्या दीर्घ अभ्यासातून निष्कर्ष निघाला तो असा, की म्हैस ही या पाणथळाची शत्रू नसून त्याच्या घडणीचा एक भाग होती. ज्या पाण्याला माणसाने जन्म दिला आणि ज्याच्या काठी माणसाची गुरे शतकानुशतके चरली, त्यातून माणूस वजा केला की ते पाणीही बिघडते. हा धडा फार महाग पडला.

पूर्व विदर्भात तो आजही गिरविता येण्यासारखा आहे. भंडारा आणि गोंदिया हे तलावांचे जिल्हे. चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर जिल्ह्यांचा काही भाग धरला तर या पट्ट्यात सहा हजारांहून अधिक जुने तलाव आहेत. गोंड राजांच्या आश्रयाने कोहळी समाजाने ते बांधले. जमिनीचा उतार ओळखून दोन टेकड्यांच्या मध्ये मातीची पाळ घालायची, एका तलावाचा सांडवा खालच्या तलावात उतरवायचा, अशी ही साखळी. कोणत्याही अभियांत्रिकी महाविद्यालयाची पायरी न चढता या माणसांनी उभ्या केलेल्या पाळी आजही पावसाळा झेलतात. नवेगाव बांधचा विस्तीर्ण जलाशय हा त्याच विद्येचा नमुना. मारुती चितमपल्ली यांच्या लेखनामुळे त्याचे नाव मराठी वाचकांच्या घराघरांत पोहोचले.

मालगुजारी पद्धत १९५० च्या कायद्याने संपुष्टात आली आणि हे तलाव सरकारजमा झाले. तेव्हापासून त्यांचे सरकारी नाव ‘माजी मालगुजारी तलाव’. त्याचा लोकांनी ‘मामा तलाव’ असा संक्षेप केला आहे. नात्याची ही गोडी मूळ कागदात नव्हती! जमीनदारी गेली हे इष्टच झाले. परंतु जमीनदारीबरोबर पाळीची डागडुजी करणारी गावाची व्यवस्थाही विसकटली. पूर्वी कोणाच्या शेताला किती पाणी, कोणाची मासेमारी, कोणाचा शिंगाडा, गुरांना कोणता उतार, हे निस्तार हक्क लिहून ठेवलेले असत. सरकारने तलाव घेतला तो सिंचनाचे साधन म्हणून. त्यातील मासा एका खात्याकडे, पाणी दुसऱ्या खात्याकडे आणि पाळीवरचे झाड तिसऱ्याकडे गेले. तलाव या नावाची जी एक अखंड वस्तू होती ती कोणाचीच राहिली नाही.

याचा फटका प्रथम बसला तो ढीवर समाजाला. या समाजाचे जीवनच तलावावर. मासेमारी सहकारी संस्था तलाव ठेक्याने घेतात, परंतु ठेका पाण्याचा असतो, पाण्यातील जीवसृष्टी टिकविण्याचा अधिकार त्यात नसतो. झपाट्याने वाढणाऱ्या मोजक्या जातींचे बीज सोडण्यावर सारा भर राहिला आणि गावच्या तलावातले देशी, लहान, चिवट मासे मागे पडले. काठावर बेशरमाची झुडपे फोफावली. अलीकडच्या काळात भंडारा-गोंदियाच्या काही गावांत ढीवर स्त्रीपुरुषांनीच हे चक्र उलट फिरविण्याचा प्रयत्न केला आहे. बेशरम उपटायचा, तळ थोडा नांगरायचा, आणि जुन्या जाणत्यांनी ओळखून दिलेल्या देशी पाणवनस्पती पुन्हा लावायच्या, असे हे काम आहे. वनस्पती आल्या की देशी मासे अंडी घालायला येतात, मासे आले की पक्षी येतात. कोणत्या वनस्पतीच्या मुळाशी कोणता मासा अंडी घालतो, हे ज्ञान या समाजाकडे पिढीजात आहे. ते शासनाच्या कोणत्याही नोंदवहीत नाही.

महाराष्ट्रात सारस हा पक्षी आज याच पट्ट्यात तग धरून आहे. उडणाऱ्या पक्ष्यांत जगातील सर्वांत उंच असलेला हा पक्षी राज्यात शंभरसुद्धा उरलेला नाही. तो घरटे बांधतो ते तलावाच्या उथळ काठाला किंवा भाताच्या बांधीत. म्हणजे त्याच्या संसाराच्या दोन्ही जागा २०१७ च्या व्याख्येने बाहेर टाकलेल्या आहेत: तलाव सिंचनाचा म्हणून आणि बांधी भाताची म्हणून. सारस कायद्याने संरक्षित आहे. त्याचे घर मात्र नाही. पक्ष्याला पिंजऱ्याबाहेर अभय द्यायचे आणि त्याच्या पायाखालचा चिखल तेवढा काढून घ्यायचा, यास संरक्षण म्हणता येत नाही.

येथे एक सार्वत्रिक गैरसमज नोंदविणे जरूर आहे. तळे म्हणजे पाणी, आणि जितके खोल पाणी तितके चांगले तळे, असे सरसकट मानले जाते. वस्तुतः पाणथळाचा प्राण त्याच्या मध्यभागी नसून काठाला असतो. काठाचा मंद उतार, घोट्याएवढे, गुडघ्याएवढे, कमरेएवढे पाणी, आणि उन्हाळ्यात पाणी हटत गेले की उघडी पडणारी चिखलाची पट्टी, या पायऱ्यांवर सारी सृष्टी वसलेली असते. बगळा उभा राहतो तेथे तलवार बदक पोहू शकत नाही, आणि बदक पोहते तेथे तुतारी पक्ष्याचे पाय टेकत नाहीत. गाळपेरीची पिके, गुरांचा चारा, माशांची पिल्ले, किडामुंगी आणि बेडूक हे सर्व त्या हलत्या काठाचे रहिवासी. पाऊस आला की हाच काठ पाणी पसरवून घेतो, त्याचा वेग मोडतो, त्यातला गाळ खाली बसवितो आणि काही पाणी जमिनीत मुरवितो. नाशिकसारख्या वाढत्या शहराचे सांडपाणी घेऊन गोदावरी खाली उतरते, तेव्हा त्यातील थोडीफार घाण लव्हाळ्यांच्या मुळांशी अडते ती येथेच. अर्थात या चाकरीलाही मर्यादा आहे. घाण मर्यादेबाहेर गेली की जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो आणि पाण्याखालचा प्राणवायू संपतो. नांदूर मध्यमेश्वरच्या वरच्या अंगाला गोदावरीत हे दृश्य वारंवार दिसते.

या काठावर आज दोन बाजूंनी चाल होत आहे, आणि दुर्दैव असे की दोन्ही ठिकाणी हेतू वाईट नाही. पहिली चाल गाळ काढण्याची. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना २०१७ साली सुरू झाली. साठवण वाढावी आणि सुपीक गाळ शेतात पडावा, हा विचार शेतकऱ्याच्या हिताचा आहे, यात शंका नाही. परंतु पूर्वी गावकरी पाटीने गाळ उचलीत तेव्हा तळ समतोल राहत असे. पोकलेन यंत्र दोन दिवसांत काठाचा उतार खणून उभी कड करून टाकते. तळ्याचा खड्डा होतो. त्यात पाणी जास्त मावते हे खरे. पण गुरे उतरू शकत नाहीत, माशांना अंडी घालायला उथळ जागा उरत नाही, आणि पाणी हटले की चिखलाऐवजी कोरडी भिंत दिसते. गाळ काढू नये असे कोणी म्हणणार नाही. मध्यभागी खोल करावे, काठाचा तिसरा हिस्सा तरी मूळ उतारावर राहू द्यावा, एवढी अट योजनेच्या करारनाम्यात घालणे मुळीच कठीण नाही. तिला पैसाही लागत नाही.

दुसरी चाल सुशोभीकरणाची. गावोगावच्या नगरपालिकांना आपले तळे सुंदर करण्याची हौस असते. सुंदर करणे म्हणजे सभोवार दगडी किंवा सिमेंटची भिंत, तिच्यावर फरसबंद वाट, मध्ये कारंजे, रात्री रंगीत दिवे. ज्या दिवशी ही भिंत पुरी होते त्या दिवशी तळे पाणथळ राहत नाही, टाके होते. लोक सकाळी तेथे फिरायला येतात आणि पूर्वी येथे फार पक्षी येत असत असे एकमेकांना सांगतात.

किनाऱ्यावरची कहाणी याहून कडवट आहे, कारण तेथे जमिनीला भाव आहे. रायगड जिल्ह्याचा खारेपाट समुद्राच्या तोंडून ओढून काढलेला. आगरी शेतकऱ्यांनी बांध घातले, उघाड्या बसविल्या, भरतीचे पाणी अडविले, ओहोटीला आतले सोडले, आणि खाऱ्या मातीत भात पिकविला. १९३३ साली सुरू झालेला चरीचा शेतकरी संप याच मातीतला. त्या बांधांच्या बाहेर खारफुटी आणि आत भात, मासा, मीठ अशी ही रचना होती. भात म्हणून शेत वगळले, मीठ म्हणून मिठागर वगळले. मग उरले काय? उरण-पनवेलच्या पट्ट्यात भरावाच्या गाड्या रिकाम्या होत गेल्या, तेव्हा कागदोपत्री ती जागा ‘विकासयोग्य’ होती. खाडीच्या पाण्याने भरणारी आणि रोहितांनी गजबजणारी जागा पाणथळ आहे की नाही, यावर वर्षानुवर्षे न्यायालयात वाद चालावा, ही गोष्टच पुरेशी बोलकी आहे. भरतीचे पाणी येण्याचे मुख बुजविले की जागा आपोआप कोरडी होते, आणि कोरडी झाली की ती पाणथळ नव्हतीच असे म्हणता येते. युक्तिवादाचा हा प्रकार जुना आहे.

मुंबईला याची किंमत एकदा मोजावी लागली आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. एवढ्या पावसापुढे कोणतेही शहर हतबल ठरले असते, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि मिठी नदी जेथे माहीमच्या खाडीला मिळते तेथील खाजण आणि दलदल भरून त्यावर वांद्रे-कुर्ला संकुल उभे केलेले नसते, नदीचे पात्र आवळलेले नसते, तर पाण्याला पसरायला जागा मिळाली असती, हेही तितकेच खरे. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर खारफुटी तोडण्यास मनाई केली आणि २०१८ साली त्या मनाईला अंतिम निकालाचे बळ मिळाले. खारफुटी त्यामुळे बरीच बचावली. परंतु खारफुटीच्या मागच्या अंगाला असलेली मिठागरे, जेथे भरतीचे व पावसाचे पाणी क्षणभर विसावते, ती अजून विनावाली आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कांजूरमार्ग, भांडुप आणि मुलुंड येथील मिठागरांची सुमारे २५६ एकर जमीन धारावीच्या पुनर्विकासातील भाड्याच्या घरांसाठी घेण्यास मान्यता दिली. गरिबाला घर हवे, याविषयी दुमत नाही. पण शहरातील सर्वांत सखल, पाणी झेलणारी जमीन नेमकी गरिबाच्याच घरासाठी का सुचावी? उद्या पूर आला तर तो प्रथम कोणाच्या उंबऱ्याशी येईल, याचा विचार घर देणाऱ्यांनीच करायचा आहे.

पाणथळांच्या संरक्षणाला विरोध होतो तो केवळ जमीन विकणाऱ्यांचा नसतो, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. नदीकाठच्या, तलावाकाठच्या शेतकऱ्यालाही धास्ती असते. एकदा हद्दीच्या खुणा रोवल्या की विहीर खणता येणार नाही, गाळपेर करता येणार नाही, होडी घालता येणार नाही, उसाला पाणी उचलता येणार नाही, असे त्याला वाटते. भरतपूरचा अनुभव पाहता ही धास्ती अगदीच निराधार म्हणता येत नाही. परंतु २०१७ चे नियम नीट वाचले तर त्यांतील मनाई बरीच मर्यादित आहे. पाणथळाचा अन्य कामासाठी वापर करणे, अतिक्रमण, उद्योग उभारणे, घनकचरा टाकणे, शुद्ध न केलेले सांडपाणी सोडणे, शिकार, आणि गेल्या दहा वर्षांतील सरासरी पूररेषेपासून पन्नास मीटरच्या आत पक्के बांधकाम, एवढ्यांवर बंदी आहे. मासेमारी, चराई, शिंगाडा, गाळपेर यांचे नाव त्या यादीत नाही. उलट, पाण्याचा शहाणपणाने वापर हेच रामसर कराराचे मूळ सूत्र आहे. हे नियम मराठीत, गावाच्या चावडीवर, ग्रामसभेत वाचून दाखविण्याचे कष्ट कोणी घेतले असते, तर निम्मा विरोध मावळला असता. इंग्रजी राजपत्रात छापलेल्या नियमाची भीती ही त्या नियमाहून नेहमीच मोठी असते.

सर्वोच्च न्यायालयाने या बाबतीत शासनापेक्षा अधिक तत्परता दाखविली, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. उपग्रहाच्या छायाचित्रांवरून तयार केलेल्या राष्ट्रीय नकाशावलीत सव्वादोन हेक्टरांहून मोठी २,०१,५०३ पाणथळे नोंदली गेली होती. ती अधिसूचित होवोत वा न होवोत, २०१० च्या नियमांतील तत्त्वांनुसार त्यांचे रक्षण करावे, असा आदेश न्यायालयाने २०१७ साली दिला. डिसेंबर २०२४ मध्ये ही संख्या २,३१,१९५ झाल्याची नोंद घेऊन, प्रत्येक राज्याने प्रत्यक्ष जागेवर जाऊन पडताळणी व हद्दनिश्चिती तीन महिन्यांत पुरी करावी, असे न्यायालयाने पुन्हा फर्मावले. आकडा वाढला म्हणजे पाणथळे वाढली, असे कोणी समजू नये. मोजणी अधिक बारकाईने झाली, एवढाच त्याचा अर्थ.

ही पडताळणी महाराष्ट्रात कशी होते, यावर पुढचे बरेच अवलंबून आहे. केंद्राने व्याख्येतील ‘सिंचन’ आणि ‘मीठ’ हे दोन शब्द काढून टाकावेत, यासाठी राज्याने आग्रह धरला पाहिजे. ज्या राज्याची जवळपास सारी पाणथळे मानवनिर्मित आहेत त्या राज्याने तो धरायचा नाही तर कोणी? परंतु ती दुरुस्ती होईपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. जैवविविधता कायद्याखालील गावसमित्या आहेत, वन्यजीव कायद्यात समुदाय राखीव क्षेत्राची तरतूद आहे, ढीवरांच्या सहकारी संस्था आहेत. पूर्व विदर्भातील निवडक मामा तलाव या मार्गाने, तेथील मासेमारांच्या नावे आणि त्यांच्या निस्तार हक्कांसकट, आजही राखता येतील.

पडताळणीचे काम अखेर तलाठी, कृषी सहायक, वनरक्षक यांच्याच पायांवर येणार आहे. त्यांच्या हाती सातबारा असतो. त्यावर तळ्याची, बोडीची, खाजणाची जागा लागवडीस अयोग्य म्हणून पोटखराब्यात मोडते. पीक नाही, आकार नाही, म्हणजे किंमत नाही, असा त्या शब्दाचा जुना वसुली अर्थ. गावच्या शाळेतील शिक्षक आणि महाविद्यालयातील विद्यार्थी या पाहणीला बरोबर गेले, कोणत्या महिन्यात पाणी कोठवर येते, कोणते पक्षी केव्हा उतरतात, काठावर कोण मासे धरते, हे त्यांनी वर्षभर लिहून ठेवले, तर पाहणीच्या कागदाला साक्षीपुरावा मिळेल. कारण हंगामी पाणथळ वर्षातून चार-पाच महिने कोरडेच दिसते. सप्टेंबरात जेथे कमरेएवढ्या पाण्यात ढीवर जाळे टाकीत असतो, तेथे मे महिन्यात भेगाळलेली माती आणि चरणारी गुरे असतात. पाहणी करणारा अधिकारी मे महिन्यात आला, तर त्याच्या अहवालात ‘जागेवर पाणी आढळले नाही’ एवढेच वाक्य येईल, आणि ते वाक्य खोटे आहे असे कोणालाही म्हणता येणार नाही.